बालवाडीपर्यंत पहिली

घोडी थकली हे आधी तिच्या पायांना कळतं की मालकाला, यावर आमच्या घरात सबंध हिवाळा वाद चालला होता. वाद म्हणजे काय, माझे सासरे बोलायचे आणि आम्ही बाकीचे भांडी जरा जोरात ठेवायचो.

घोडी अकरा वर्षांची. जन्मली त्या संध्याकाळी पागेमागच्या गवतात काजवे चमकत होते, म्हणून तिचं नाव क्रेस्नित्सा, म्हणजे काजवा. मी तेव्हा या घरची सून नव्हते. शाळा सुटली की घोड्यांची लीद भरायला येणारी शेजारगावची मुलगी होते. क्रेस्नित्साच्या तोंडात पहिला लगाम मीच घातला. पुढे या घरच्या मुलाशी, ब्लाझशी माझं जमलं तेही तिच्याच पाठीमागे. तिच्यामागची गाडी एकाच माणसाची होती आणि आम्ही दोघं तिच्यात बसायचा हट्ट धरत होतो.

आमच्याकडच्या शर्यतीत घोड्याने मागे हलकी दुचाकी गाडी ओढत दुडक्या चालीनंच पळायचं असतं. चौखूर उधळला की त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणायचं, तोवर बाकीचे पुढे निघून जातात. गेल्या शरदात, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, ल्युतोमेरच्या मैदानावर क्रेस्नित्सा दोनदा उधळली. बाबा, म्हणजे माझे सासरे फेलिक्स, गाडी हाकत होते. मी माझ्या नुकत्याच जन्मलेल्या मुलाला, योश्तला छातीशी धरून कठड्याला उभी होते. मला ती उधळल्याचं तितकं वाटलं नाही. वाटलं ते तिच्या कानांचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते मागे चिकटलेले होते, नको तिथे जेवायला बसवलेल्या माणसासारखा चेहरा करून ती पळत होती.

"संपली ही," बाबा गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "वसंतात त्सिरिलकडे जाईल. शिंगरं देईल, चरेल, मजेत राहील."

त्सिरिल त्यांचा चुलतभाऊ. मुरा नदीपलीकडे त्याच्या पैदाशीच्या घोड्या आहेत. चांगला माणूस, कुरणंही चांगली. तिथे जाण्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला बोलायला तोंड नव्हतं. फक्त एवढंच माहीत होतं, की शर्यतीच्या रविवारी ही घोडी आमच्याआधी फाटकाशी येऊन उभी राहायची. कुणी तिला बोलवायला जात नसे.

बाबांनी त्या हिवाळ्यात तिच्यावर माया केली ती अशी, की तिला काहीच करू दिलं नाही. भरपूर ओट, सुकं गवत, पाठीवर जाड पांघरूण. त्सिरिलकडे जायच्या आधी चार महिने विश्रांती. जानेवारीत एका सकाळी ती पागेच्या उंबऱ्यावरून उतरली ती आमच्या सासूबाईंसारखी, एक पाय आधी आणि मग विचार करून दुसरा.

सासूबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. त्यांचं नाव त्रेझिका, आणि त्यांचाही गुडघा त्याच महिन्यात आखडला होता.

"मला डॉक्टर सांगतो, त्रेझिका, चालत राहा, बसलीस की बसलीस," त्या म्हणाल्या. "आणि त्या बिचारीला तुम्ही बसवून ठेवलंय."

"ती घोडी आहे," बाबा म्हणाले.

"मग मी कोण आहे?"

"तुला कोणी बसवलंय? सूप कुठाय?"

आई, म्हणजे सासूबाई, उठल्या. सूप आणून ठेवलं, पण सुपावर घ्यायचं भोपळ्याच्या बियांचं तेल बाबांच्या हाताला येणार नाही अशा टोकाला ठेवलं. आमच्या घरात याला नापसंती समजतात.

फेब्रुवारीत अडचण आली ती माझ्या मुलीच्या, लेंकाच्या बालवाडीची. ब्लाझ सीमेपलीकडे रादगोनाच्या कारखान्यात जातो, पहाटेच मोटार घेऊन निघतो. तोवर लेंकाला आई सायकलवर मागे बसवून बालवाडीत सोडायच्या, पण गुडघ्याने आता सायकल नको म्हटलं होतं. चालत जायचं तर लेंका अर्ध्या वाटेत प्रत्येक डबक्याशी बोलत बसते, आणि इकडे योश्तची दूध प्यायची वेळ होते.

त्या सकाळी मी योश्तला पाजलं, आईंच्या मांडीवर दिलं आणि सरळ पागेत गेले. जुनी दोन आसनांची सरावाची गाडी बाहेर काढली. क्रेस्नित्साला जुंपताना लेंका दारात उभी राहून बघत होती. टोपीखाली तिचे डोळे बशीएवढे झालेले.

"मम्मी, आपण शर्यतीला चाललोय?"

"बालवाडीला चाललोय. गप्प बस आणि घट्ट धर."

"ती थकलीय ना? देदी म्हणाले."

"देदींना सांगू नकोस. हळू जाऊ."

देदी म्हणजे तिचे आजोबा, आमचे बाबा, सकाळी द्राक्षमळ्यात असायचे, वेलींची छाटणी चालू होती. लपवलं असं नाही, सांगितलं नाही एवढंच.

आम्ही हळूच गेलो. नदीकाठची मऊ वाट, मग पॉपलरची रांग, मग द्राक्षांच्या टेकडीचा चढ आणि पलीकडे उतार. पहिले काही दिवस ती कान मागे टाकूनच चालायची. उतारावर तर इतकी जपून, की लेंका तिला वरून सूचना द्यायची. "इकडे पाय ठेव. आता इकडे. शाब्बास, बाळा." मीही हातातले लगाम सैल सोडले. मैदानावर गोल गोल फिरवताना आपण घोड्याच्या डोक्यावर सतत बसलेले असतो. इथे गोल नव्हतं काही. वाट पुढे जायची, पुढे काहीतरी असायचं, कधी बर्फात वाकून चरणारी हरणं, कधी कुणाची कोंबडी, कधी नुसतंच धुकं. आणि वाटेच्या शेवटी बालवाडी होती.

बालवाडीच्या कुंपणाशी पहिल्याच दिवशी पोरं धावत आली. बाहेर खेळताना सगळ्यांना बिनबाह्यांची पिवळी जॅकेटं घालतात, त्यामुळे कुंपणाला पिवळी फुलंच लागल्यासारखी दिसली. बाई, विदा नाव त्यांचं, मागून ओरडत होत्या की बोटं आत, बोटं आत. कुणीतरी डब्यातला गाजराचा तुकडा पुढे केला. क्रेस्नित्सानं तो इतक्या अदबीनं उचलला, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात गाजर होतं. तेव्हापासून ती कुंपणाशी उभी राहिली की शेवटच्या पोराचा तुकडा संपेपर्यंत हलायची नाही. मी घाईत असायचे, छाती दुधानं भरून आलेली असायची, पण ती रांग मोडायची नाही. सगळ्यांचं झालं की मी म्हणायचे, "झालं ना गं, चल आता घरी," आणि मगच ती वळायची.

घरी परतताना गाडीत मी एकटी. चाकांचा आवाज आणि खुरांचा. दिवसभरात माझा म्हणावा असा तेवढाच वेळ होता आणि मी ते कुणाला सांगत नव्हते. मार्चमध्ये कधीतरी माझ्या लक्षात आलं की परतीच्या चढावर तिचे कान पुढे आलेत.

आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या योश्तला ढेकर यावा म्हणून थोपटत होत्या.

"आमच्या वडिलांचे घोडे आठवडाभर डेअरीला दूध पोचवायचे आणि रविवारी शर्यत मारायचे," त्या म्हणाल्या. "चांगले म्हातारे होईस्तोवर. आता घोडे काचेच्या कपाटात ठेवतात. तुझ्या सासऱ्यांना मात्र आत्ताच काही बोलू नकोस. त्यांना स्वतःला कळलेलं जास्त आवडतं."

आणि बाबांना कळलं ते असं. एप्रिलची सकाळ, आम्ही पॉपलरच्या रांगेत शिरलो तर आमच्यापुढे ट्रॅक्टर चाललेला. मागे औषध फवारायची टाकी, आणि वर बाबांची टोपी. एरवी छाटणीच्या मळ्यात असणारा माणूस त्या दिवशी खालच्या शेताकडे निघाला होता. मी लगाम आवळले, म्हटलं जाऊ दे पुढे. क्रेस्नित्सानं मान हलवली. मी पुन्हा आवळले. तिनं लगाम माझ्या हातातून दोन वीत ओढून घेतले आणि पाय टाकायला लागली. उधळली नाही. स्वच्छ, लांब दुडकी, तिच्या तरुणपणातली. मी मागे रेलून घट्ट धरून होते आणि लेंका माझ्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यात उभी राहायला बघत होती. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापाशी आम्ही आलो, बाबांच्या बुटांपाशी आलो, बाबांच्या तोंडापाशी आलो.

"देदी, तुम्ही फार हळू," लेंका त्यांना म्हणाली.

आम्ही पुढे गेलो. मागे ट्रॅक्टरचा आवाज बंद झालेला मला ऐकू आला.

दुपारी बाबा जेवायला बसले. आईंनी तेलाची बाटली स्वतःहून त्यांच्यापुढे सरकवली.

"किती दिवस चाललंय हे?" बाबांनी विचारलं.

"थंडीपासून," मी म्हणाले.

"अकरा वर्षांच्या घोडीला बालवाडीत घातलं."

"ती जाते आवडीनं."

"ते दिसलं मला." त्यांनी पाव मोडला. "ट्रॅक्टर तिसऱ्या गिअरमध्ये होता."

"हो, बाबा."

"चौथ्यात असता तर जमलं नसतं तिला."

"नसतं जमलं," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता सूप वाढायला लागल्या.

त्याच आठवड्यात शर्यत मंडळाने जूनच्या जत्रेसाठी एक नवी शर्यत काढल्याचं कळलं, दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या घोड्यांची. लोक चांगले घोडे सहा-सात वर्षांचे झाले की मैदानाबाहेर काढतात, त्यांना थोडं थांबवावं म्हणून. खानावळीत सगळे हिला आजीबाईंची शर्यत म्हणत होते. बाबाही हसून आले होते. घरी आल्यावर मात्र त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी टोपी ठेवली की काहीतरी ठरलेलं असतं.

"त्सिरिलला मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "त्याने तिच्यासाठी जागा करून ठेवलीय. शब्द मोडायचा तर मला कारण पाहिजे. पहिल्या तिघांत आली तर ती अजून शर्यतीची घोडी आहे, तर राहील. नाहीतर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्सिरिल येऊन घेऊन जाईल. आणि हाकणार तू. माझ्याच्यानं मागे बसून लोकांना हसवणं होणार नाही."

"मी? मला वर्षभर झालं गाडीत बसून."

"रोज तर बसतेस," बाबा म्हणाले.

जूनपर्यंत तिचा सराव तोच राहिला, फक्त परतीची वाट थोडी लांब झाली आणि टेकडीचा चढ दोनदा. बाबा आता मुद्दाम ट्रॅक्टर घेऊन वाटेत सापडायचे. मी विचारलं तर म्हणायचे, कामं असतात माणसाला. चौथ्या गिअरलाही एकदा मागे टाकून झालं. तो विषय त्यांनी घरात काढला नाही, पण क्रेस्नित्साला संध्याकाळी सफरचंद मिळालं.

जत्रेचा रविवार उजाडला तो उन्हानं भरलेला. मैदानाबाहेर भाजलेल्या मांसाचा धूर, थराथराच्या गिबानित्सा केकच्या परातींवर झाकलेली फडकी, बँडवाल्यांच्या घामेजलेल्या पाठी. शर्यतीआधी मी घोड्यांच्या ट्रकमागे बसून योश्तला पाजत होते, अंगावर शर्यतीचे रंगीत कपडे, अर्ध्या गुंड्या उघड्या. ब्लाझ माझं हेल्मेट धरून उभा होता.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"दूध सांडेल म्हणून घाबरलेय. कपडे क्लबचे आहेत."

त्यानं योश्तला घेतलं. क्रेस्नित्सा त्या वेळी मैदानाच्या फाटकाशी येऊन उभी होती. कुणी तिला बोलवायला गेलं नव्हतं.

मैदानावर यायच्या वाटेत त्सिरिल बाबांजवळ उभा दिसला. गोल, लाल चेहऱ्याचा, हातात वाइन-सोड्याचा पेला.

"काय रे फेलिक्स, माझी घोडी दमवून देतोस होय?" तो म्हणाला.

"अजून माझी आहे," बाबा म्हणाले.

सुटलो तेव्हा आम्ही मधे होतो. आठ आजीबाई, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण चार वर्षांच्या. पहिल्या वळणावर मी काहीच केलं नाही. लगाम तसेच सैल, नदीकाठच्या वाटेवर असतात तसे. ती आपली मोजून मापून पाय टाकत होती, कान पुढे, एखादा इकडे तिकडे. दुसऱ्या फेरीत पुढच्या दोघी थकून वळणावर बाहेर भरकटायला लागल्या. मी म्हटलं, "बघ गं, ट्रॅक्टर." तिला बहुतेक सांगायची गरज नव्हती. एक मागे पडली, दुसरी मागे पडली, मग फक्त एक राखाडी शेपूट समोर राहिली आणि शेवटच्या वळणातून बाहेर पडताना तीही बाजूला सरकली. समोर नुसतं मैदान. मी एवढ्या जोरात हसले की दातांत वाळू गेली. काजव्यांच्या त्या संध्याकाळच्या गवताचा वास मला आला म्हटलं तर कुणी मानणार नाही, पण आला.

आणि तेव्हा मला ते दिसलं.

शेवटच्या सरळ पट्ट्यात, समाप्तीच्या खांबाच्या बरंच अलीकडे, कठड्याला लागून पिवळी फुलं उमललेली होती. बालवाडीची सगळी पोरं, जॅकेटांसकट, आणि त्यांच्यामागे विदाबाई, आणि विदाबाईंच्या शेजारी माझ्या सासूबाई. त्यांच्या हातात टोपली. प्रत्येक पोराच्या मुठीत गाजर.

आईंनी बोलावलं होतं त्यांना. क्रेस्नित्साला ओवाळल्यासारखं काहीतरी शर्यतीनंतर व्हावं म्हणून. पोरं रिकाम्या हाती कशी येतील, असं नंतर त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

क्रेस्नित्सानं पिवळं पाहिलं. तिच्या पाठीतून मला कळलं ते, लगामातून कळायच्या आधी. तिची चाल लहान झाली, मग आणखी लहान, मग अगदी रीतीनं, कुणालाही धक्का न लावता, ती कठड्याकडे सरकली आणि थांबली. मान पुढे केली. पहिला तुकडा घेतला.

बँडवाल्यांचा सूर चुकला. मग हशा उसळला, असा की स्टँडचं पत्र्याचं छत वाजलं.

"मम्मी, आत्ता नाही," लेंका कठड्यातून डोकं काढून ओरडत होती. ती एकटीच शहाणी होती तिथे. "आधी शर्यत, मग गाजर."

बाजूनं राखाडी शेपटीवाली गेली. मग आणखी एक, मग तिसरी. विदाबाई पोरांचे हात मागे ओढत होत्या, बोटं आत, बोटं आत. आईंनी टोपली पाठीमागे लपवली होती, जणू आत्ता लपवल्यानं काही फरक पडणार होता. मी लगाम ओढला नाही. ओढला असता तरी ती हलली नसती, अर्धी रांग व्हायची होती. मी पुढे वाकले आणि रोजच्याच आवाजात म्हटलं, "झालं ना गं, चल आता घरी."

ती वळली. तोंडात गाजर, ओठांच्या कडेला हिरवा देठ लोंबतोय, आणि निघाली. थांबलेल्या जागेवरून सरळ दुडकीवर, एकदाही उधळली नाही. तिसरीला आम्ही जवळजवळ गाठलं. जवळजवळच. खांब ओलांडला तेव्हा त्या तिसरीचं नाक माझ्या घोडीच्या नाकापेक्षा वीतभर पुढे होतं.

चौथी.

मी परत येऊन उतरले. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदम कसं आवरायचं कळत नव्हतं. क्रेस्नित्साला फुरफुर चालू होती आणि तिचे कान ताठ पुढे होते. ती पिवळ्या कठड्याकडे बघत होती.

बाबा आले. मागोमाग त्सिरिल, डोळे पुसत, हसून हसून त्याचा पेला अर्धा सांडलेला.

"चौथी," मी म्हणाले.

बाबांनी तिच्या पुढच्या पायावरून हात फिरवला, गुडघ्यापासून खुरापर्यंत. मग दुसऱ्या पायावरून.

"थंड आहेत पाय, सूज नाही," ते म्हणाले. मग सरळ झाले. "बालवाडीपर्यंत ती पहिली होती."

"होती," मी म्हणाले.

"बालवाडीनंतर काय झालं त्याला घोडी जबाबदार नाही. त्याला माझी बायको जबाबदार आहे." ते त्सिरिलकडे वळले. "उद्या येऊ नकोस रे. ही कामाला जाते रोज."

"मग कधी येऊ?"

"पोरगी शाळेत जाईल तेव्हा विचार. नाहीतर तिच्यानंतर तो योश्त आहेच."

त्सिरिलनं उरलेला पेला तिच्या दिशेनं उंचावला आणि पिऊन टाकला. आई टोपली घेऊन दुरूनच येत होत्या, लंगडत, चेहरा अपराध्यासारखा. बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "त्रेझिका, एखादं गाजर उरलंय का? भूक लागली मला."

सोमवारी सकाळी मी योश्तला पाजून पागेत गेले तर जागा रिकामी. गाडीही नव्हती. अंगणात लेंकाची टोपीही नव्हती. आई दारात उभ्या होत्या.

"त्यांनीच नेलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मला बघायचंय ही बया माणसाला कशी थांबवते ते."

मी कॉफी ओतून घेतली. योश्त माझ्या खांद्यावर झोपला. उंबऱ्यावर ऊन आलं होतं, कुणी मला हाक मारत नव्हतं, आणि कॉफी गरम होती. गरम कॉफी मी शेवटची कधी प्यायले ते मला आठवेना.

बाबा परतले ते बऱ्याच उशिरा. क्रेस्नित्सा कान पुढे टाकून फाटकातून आत आली.

"एवढा वेळ?" आईंनी विचारलं.

"आज पोरं जास्त होती," बाबा म्हणाले, आणि खिशातून गाजराचा एक चावलेला तुकडा काढून तिच्या तोंडाशी धरला.